चार वर्षांचे पंधरा महिने

बीपीचा कफ दंडाभोवती गुंडाळून झाला होता, स्टेथोस्कोप कोपराच्या खोबणीत टेकवला होता, आणि नेमकं तेव्हाच पेशंटने विचारलं, "स्टुडंट ना तुम्ही? किती वर्षांचा कोर्स असतो हा?" कानात नळ्या असताना धड बोलणंही कळत नाही आणि ठोकेही हुकतात, म्हणून मी बोट वर करून थांबायची खूण केली. हवा सोडली, पहिला ठोका ऐकला, शेवटचा ऐकला, खिशातल्या कागदावर आकडे टिपले. मग म्हटलं, "नर्सिंगचा, पंधरा महिन्यांचा." गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. हात अजून कामकऱ्याचे, रुंद, बोटांच्या पेरांवर जुने काळपट डाग. ते म्हणाले, "मी इलेक्ट्रिशियन होतो. चालू लाइनवर एकट्याला सोडायला आम्हाला चार वर्षं लावली होती." एवढंच. आवाजात टोमणा नव्हता, काळजीही नव्हती. त्यांचा पुढचा प्रश्न जेवणाचा ट्रे कधी येणार हा होता. मी वेळ सांगितली, पलंगाचा कठडा वर केला आणि बाहेर आले. पण वाक्य काही आत राहिलं नाही. हात धुताना ते होतं, चार्टिंग करताना होतं, संध्याकाळी गाडी चालवतानाही होतं.

उत्तर माझ्याकडे नव्हतं असं नाही. ते तर विद्यापीठांच्या माहितीपत्रकांतच छापलेलं असतं. नर्सिंगच्या पदवीची चार वर्षं इथे अमेरिकेत पंधरा महिन्यांत कोंबलेली नाहीत. ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी आहे त्यांना इतिहास, निबंधलेखन, समाजशास्त्र पुन्हा शिकवायचं कारण नाही म्हणून तेवढा काळ वजा केला आहे. शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, आहारशास्त्र, संख्याशास्त्र हे सगळं प्रवेशाच्या आधीच आपलं आपण उरकून यायचं. मग उरतं ते निव्वळ नर्सिंग, आणि ते उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा न घेता सलग. अमेरिकेत असे कोर्स साधारण ११ ते १८ महिन्यांचे असतात. बेरीज-वजाबाकी चोख आहे. पण त्या गृहस्थांना बेरीज-वजाबाकी नको होती. तुम्हाला एकटं कधी सोडतात, एवढंच त्यांना हवं होतं.

वर्षांचा भाव देश बदलला की बदलतो, हे मात्र मला तोपर्यंत चांगलं कळून चुकलं होतं. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची आणि इथली पदवी चार वर्षांची, त्यामुळे गुणपत्रिका मूल्यांकनाला पाठवल्या की पुष्कळांना उत्तर येतं: ही पदवी नव्हे, ही पदवीची तीन वर्षं. माझ्याकडे सुदैवाने वर संख्याशास्त्राची एम.एस्सी. होती. तेव्हा तिकडची पाच मिळून इकडची चार झाली. एच-फोर या जोडीदार-व्हिसावर नोकरी करता येत नव्हती त्या वर्षांबद्दल कोणी विचारलंही नाही. ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. पूर्वतयारीच्या विषयांची गंमत तर और. शरीरशास्त्र पाच किंवा सात वर्षांहून जुनं असेल तर अनेक विद्यापीठं ते धरत नाहीत. माणसाची हाडं २०६ ची २०६ राहतात, ती शिकल्याची मुदत तेवढी संपते. एका ठिकाणी मला संख्याशास्त्राचा प्राथमिक पेपर पुन्हा द्या म्हणून सांगितलं, कारण माझं संख्याशास्त्र जुनं झालं होतं! तिथे मी अर्ज केला नाही. बाकीचे विषय मात्र कम्युनिटी कॉलेजात, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून केले. मेंढीचं हृदय उभं चिरताना माझा जोडीदार मला 'मॅम' म्हणत होता आणि स्काल्पेल आधी माझ्या हातात देत होता, आईच्या हातात सुरी द्यावी तशी.

प्रवेशअर्जात एक निबंध असतो: तुम्हाला नर्स का व्हायचं आहे? वर्गात नंतर आम्ही ते निबंध एकमेकांना ऐकवले तेव्हा कळलं, जवळजवळ प्रत्येकाच्या निबंधात एक आजी आजारी होती आणि एका नर्सने तिचा हात हातात घेतला होता. माझ्याही निबंधात आजी होती. खोटं नव्हतं ते, पण खरं कारण त्याहून साधं आणि थोडं रुक्ष होतं. मला अशी नोकरी हवी होती जी गाव बदललं तरी मिळेल, आठवड्यातून तीन दिवस बारा-बारा तास केली की झाली, आणि जिच्यात समोर माणूस असेल. विमा कंपनीसाठी मी जे आकडे चाळत असे, त्या आकड्यांतही माणसंच होती म्हणा. दाव्यांच्या त्या ओळी वाचताना मला नेहमी वाटायचं, ही ओळ उठून बसली तर कशी दिसेल? असलं काही अर्जात लिहिता येत नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, एम.एस्सी. होऊन आता लोकांचे बेडपॅन काढणार का तू?" मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "पगार किती असतो गं नर्सला तिकडे?"

आमच्या वर्गात एक हायस्कूलची शिक्षिका होती, लष्करात मेडिक असलेला एक तरुण होता, नाटकांची प्रकाशयोजना करणारी एक बाई होती, वैद्यकीय प्रवेशाची दारं ठोठावून दमलेली दोन-तीन जीवशास्त्राची मुलं होती आणि एक वकील होता. वकिलाचं सांगण्यासारखं म्हणजे तो प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नाशी वाद घालायचा. नर्सिंगच्या परीक्षेत चारही उत्तरं बरोबर असतात आणि 'सर्वांत आधी काय कराल' एवढंच विचारलेलं असतं. त्याला हे अन्यायाचं वाटे. श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण या क्रमाने विचार करा, असं बाई पुन्हा पुन्हा सांगायच्या, आणि तो म्हणायचा, "पण पुरावा?" पैशांचं बोलणं कोणी उघड करत नसे, पण प्रत्येकाच्या डोक्यावर ते होतं. खासगी विद्यापीठात ५०-६० हजार डॉलर शुल्क असणं नवलाचं नाही, कोर्स चालू असताना नोकरी करू नका असं बजावलेलं असतं, आणि एक पदवी आधीच असली की सरकारची पेल ग्रँट मिळत नाही. जी पदवी दार उघडते तीच मदतीचं दार लावून घेते. बहुतेक जण कर्जावर होते. शिक्षिकेने घर विकलं होतं.

घाई ही काही आजची नाही. १९१८ च्या उन्हाळ्यात, पहिलं महायुद्ध चालू असताना, न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसर कॉलेजात एक प्रशिक्षण शिबिर भरलं. पदवीधर स्त्री हवी, विषय कोणताही चालेल. ४०० हून अधिक जणी आल्या. बारा आठवडे त्यांना शास्त्रविषय आणि नर्सिंगची तोंडओळख घडवली आणि मग हॉस्पिटलांच्या शाळांत पाठवलं. तीन वर्षांच्या शिक्षणातले त्यांचे काही महिने वाचले. त्या वॉर्डांत पोचतात न पोचतात तोच फ्लूची ती भयंकर लाट आली. शिबिरातल्या वह्यांवरची शाई वाळण्याआधीच त्या मुली मरणाऱ्या माणसांच्या ओळीत उभ्या राहिल्या असतील. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, कॅडेट नर्स कोअर निघाली. सरकारी खर्चाने शिक्षण, करडा गणवेश, खांद्यावर लाल पट्ट्या, आणि ३६ महिन्यांचा अभ्यासक्रम ३० महिन्यांत. त्यातून १ लाख २० हजारांहून अधिक नर्सेस बाहेर पडल्या. युद्धाबिद्धाचं निमित्त नसताना, खास दुसऱ्या शाखांच्या पदवीधरांसाठी वेगवान पदवी पहिल्यांदा सुरू केली ती सेंट लुइस विद्यापीठाने, १९७१ मध्ये.

नर्सेस कमी पडल्या की चार वर्षं फार वाटू लागतात.

आणि तसं पाहिलं तर धंदा बदलून आलेल्यांनीच हा व्यवसाय उभा केला. क्लारा बार्टन आधी शाळेत शिकवत होत्या, मग वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसात कारकून होत्या. यादवी युद्ध पेटलं तेव्हा त्या सैनिकांच्या जखमा बांधायला गेल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं रीतसर प्रशिक्षण म्हणजे १८५१ मध्ये जर्मनीत कैसरवर्थला काढलेले जेमतेम तीन महिने. त्यांचं नाव मी एरवी घेतलं नसतं, नर्सिंगवरच्या प्रत्येक भाषणात दिवा हातात घेऊन त्या येतातच. पण लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने सदस्य करून घेतलेली पहिली स्त्री त्याच, हे एम.एस्सी.च्या वर्गात मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सैनिक गोळ्यांपेक्षा रोगराईने जास्त मरतात हे दाखवणारी त्यांची आकृती स्किल्स लॅबच्या भिंतीवर पाहिली तेव्हा परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद झाला.

त्या लॅबमध्ये आमच्या हाताखाली पुतळे होते. महागडे, छाती वरखाली होणारे, नाडी असलेले, कंट्रोल रूममधून बाईंच्या आवाजात "मला श्वास घेता येत नाही" म्हणणारे. थंड प्लास्टिकचा वास. नर्सिंगच्या परवाना मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता: प्रत्यक्ष वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास अशा चांगल्या सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत. अभ्यास नीट केलेला आहे, मी वाचला. तरी पुतळ्याला लाज नसते. आणि मला होती.

पहिल्यांदा एका अनोळखी पुरुषाला पलंगावर आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा हे कळलं. कृती पाठ होती: कोमट पाणी, आधी डोळे, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाणी बदला, पाठ, आणि शेवटी जे शेवटी करायचं ते. पाठांतरात कुठेही हे नव्हतं की ज्या घरात मी मोठी झाले तिथे वडिलांच्या उघड्या पाठीलासुद्धा कधी हात लागला नव्हता. मी वॉशक्लॉथ पिळत राहिले. नको इतका पिळला. माझ्याबरोबर नर्सिंग असिस्टंट होती, घानाहून आलेली, माझ्याच वयाची. नर्सिंग असिस्टंटला केंद्र सरकारच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. तास, महिने नव्हेत. तिने काही न बोलता चादर अशी धरली की जेवढं पुसायचं तेवढंच उघडं राहील. मग पेशंटशी बेसबॉलबद्दल गप्पा सुरू केल्या. गप्पा मारता मारता माझं मनगट धरून मला दाखवलं किती दाब द्यायचा: हलका नाही, कारण हलक्या हाताने गुदगुल्या होतात आणि माणूस ओशाळतो; भरदार, लांब, हृदयाच्या दिशेने. कुशीवर वळवायच्या आधी ती त्याच्या कानाशी म्हणाली, "आता वळवतेय हं, मी धरलंय." आम्ही वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लालसर डाग होता. तिने त्यावर बोट दाबून माझ्याकडे पाहिलं. दाबल्यावर तो पांढरा होत नव्हता. पुस्तकात या डागाची, म्हणजे बेडसोरच्या सुरुवातीची, व्याख्या मी आदल्याच आठवड्यात वाचली होती, पण बघायचा तो तिला दिसला. मला तोपर्यंत पाठ म्हणजे फक्त पुसायची जागा होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तू फार माफी मागतेस. तो आजारी आहे, त्याला तुझी पण काळजी करायला लावू नकोस." हे मला कुठल्या अभ्यासक्रमात, किती महिन्यांत शिकवता आलं असतं, सांगता येत नाही. कदाचित चार वर्षांतही नाही. कदाचित त्या एका सकाळीच.

जुन्या शिक्षणाचं काय होतं, हा प्रश्न मला सगळे विचारतात. उपयोग होतो की नाही? होतो, आणि आडवंही येतं. औषधांच्या मात्रेची परीक्षा असते, तीत नव्वदच्या खाली गुण पडले तर वॉर्डात पाऊल ठेवू देत नाहीत. गणित माझ्यासाठी पोरखेळ; वकील घाम पुसत होता आणि मी वेळेआधी उठले. पेपर परत आला तर त्यावर लाल गोल. मी एके ठिकाणी १.० मिलिग्रॅम लिहिलं होतं. माझ्या पहिल्या पदवीने शिकवलं होतं की १ आणि १.० एक नव्हेत. त्या शून्याने मोजमाप किती नेमकं आहे ते कळतं. आणि इथे तो शून्य गुन्हा होता. घाईत टिंब दिसलं नाही की १.० चे १० होतात आणि माणसाला दहापट औषध जातं. उलट .५ असं मोकळं लिहिलं की ५ वाचलं जातं, म्हणून पुढचा शून्य हवाच. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून हे दोन्ही निषिद्ध लेखनाच्या यादीत घातलेलं आहे. मागचा शून्य नाही, पुढचा शून्य हवाच. मला ते पटायला क्षणही लागला नाही. हाताला सवय व्हायला बराच काळ गेला. माझा शून्य नेमकेपणासाठी होता, त्यांचा रात्री तीन वाजता डोळे तारवटलेल्या माणसासाठी.

तोच जुना हात शोधनिबंध वाचायला मात्र उपयोगी पडला. पदवीधर नर्सेस हव्यात असं सगळी मोठी हॉस्पिटलं म्हणतात त्यामागे लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००३ मधला एक अभ्यास आहे: पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं, शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांहून अधिक पेशंट, आणि निष्कर्ष असा की पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं तर मृत्यूची शक्यता पाच टक्क्यांनी कमी. वर्गात हे वाचलं तेव्हा सगळ्यांच्या माना जरा ताठ झाल्या. मी मात्र त्या तक्त्यांत शोधत बसले की पदवी किती महिन्यांत घेतलेली. तो रकाना नव्हता. पदवी आहे की नाही, एवढंच. इलेक्ट्रिशियन गृहस्थांचा प्रश्न विचारात घेणारं चलच त्या समीकरणात नव्हतं.

परवाना परीक्षेलाही महिने ठाऊक नसतात. ती संगणकावर असते, पाच तासांची, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तुमचा अंदाज बांधत जाते. बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. मधे कुठेही यंत्राला ९५ टक्के खात्री झाली की तुम्ही रेषेच्या वर आहात किंवा खाली, की पडदा बंद. संख्याशास्त्राच्या माणसाला ही परीक्षा देताना भीतीच्या जोडीने एक चोरटं कौतुकही वाटतं. माझा पडदा मधेच केव्हातरी काळा झाला. पार्किंगमध्ये उन्हात तापलेल्या गाडीत बसून मी विचार करत होते की यंत्राला माझ्याबद्दल जेवढी खात्री झाली तेवढी मला स्वतःबद्दल कधी होईल.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या पाच पायऱ्या सांगितल्या, नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत. त्यात एक वाक्यार्थ असा आहे की कितीही अनुभवी नर्स नव्या प्रकारच्या वॉर्डात गेली की पुन्हा नवखी होते, आणि एकाच प्रकारच्या कामावर दोन-तीन वर्षं काढल्यावर साधारण तिसरी, सक्षमतेची पायरी येते. दोन-तीन वर्षं अधिक पंधरा महिने. म्हणजे, आमचे इलेक्ट्रिशियन जवळपास बरोबर होते. फरक एवढाच की त्यांची चार वर्षं उस्तादाच्या शेजारी गेली आणि आमची पुढची वर्षं पाच-सहा पेशंटांच्या मधे, पगार घेत घेत जातात. पहिले काही आठवडे प्रीसेप्टर, म्हणजे शिकवणारी अनुभवी नर्स, सोबत असते. मग नसते.

माझी प्रीसेप्टर कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदविकेवर लागलेली, वीसेक वर्षं याच मजल्यावर. कागदावर मी तिच्या वरची. तिला शीर डोळे मिटून सापडते. मी टूर्निकेट बांधून टॉर्च घेऊन शोधत असते. "डोळ्यांनी नको, बोटाने बघ, उसळी मारते ती शीर, फुगलेली दिसते ती नाही," हे तिने मला इतक्यांदा सांगितलं आहे की आता ती नुसतं 'बोट' म्हणते. आणि अलीकडे हॉस्पिटलच्या आग्रहाखातर तीही ऑनलाइन बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगची पदवी, करते आहे, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, मायक्रोवेव्हच्या शेजारी लॅपटॉप ठेवून. परवा तिने मला हाक मारली. संशोधनपद्धतीचा पेपर होता. मी खुर्ची ओढली आणि पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते सांगितलं. नमुना लहान असेल तर हुरळून जायचं नाही, हेही सांगितलं. ती पटापट टाइप करत होती. मग मी म्हटलं, इथे ०.०४ नको, नुसतं .०४ लिही, शोधनिबंधांच्या एपीए शैलीत जो आकडा एकाच्या वर जाऊच शकत नाही त्याच्या आधी शून्य लावत नाहीत, गुण कापतील.

तिने हात कीबोर्डवरून उचलला. "शून्य लावायचा नाही?"

"नाही."

"आणि उद्या कोणी त्याला चार वाचलं तर?"

"पी-व्हॅल्यू चार असूच शकत नाही."

"ते तुला माहीत," ती म्हणाली, शून्य तसाच ठेवला आणि पुढच्या प्रश्नावर गेली. "कापू दे गुण."